नाक वर, की शेपूट खाली?

पत्र सांगलीच्या गावभागातून आलंय. लिहिणारा सव्वीस वर्षांचा, खाली सही ‘एक नातू’. घरी आजोबांची मॉरिस मायनर १००० आहे, १९५८ सालची. आबांचं हळदीचं अडत दुकान होतं आणि तीस वर्षं हीच गाडी दुकानाची, घरची, देवाची, सगळ्यांची. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ती दारातच बुडाली. नंतर इंजिन, वायरिंग, गाद्या सगळं नव्यानं केलं. पुढचं त्याच्याच शब्दांत: “चालते छान, पण पुढून उंच दिसते, नाक वर करून उभी राहिल्यासारखी. साठच्या पुढे स्टीअरिंग थरथरतं. ब्रेक मारला की डावीकडे ओढते. गॅरेजवाले म्हणाले, पुढच्या स्प्रिंगचे दीड-दीड वेढे कापू, गाडी दोन इंच बसेल आणि रस्ताही धरेल. आबा म्हणतात, गाडीला हात लावायचा नाही. वैशाखात ताईचं लग्न आहे, वाईला. तिला याच गाडीतून न्यायचंय. काका, कापू का?”

काप की. पण आधी गाडीखाली जा आणि तो स्प्रिंग मला शोधून दाखव.

सापडणार नाही. मायनरला पुढे वेढ्यांचा स्प्रिंगच नाही. चाकाच्या आतल्या बाजूला एक खालचा आर्म दिसेल. त्या आर्मच्या बुडाशी एक लांब पोलादी सळई अडकवलेली असते, ती गाडीच्या लांबीत मागे जाते आणि पुढच्या सीटखालच्या आडव्या क्रॉस मेंबरला जखडलेली असते. चाक खड्ड्यातून वर उचललं की आर्म फिरतो, आर्मबरोबर सळईला पीळ बसतो, आणि पीळ उलगडायला बघतो म्हणून चाक परत खाली येतं. ओला टॉवेल दोघांनी दोन टोकांना धरून पिळावा, तसं. हिचं नाव टॉर्शन बार. १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात मायनर पहिल्यांदा दिसली तेव्हापासून ती अशीच आहे. तुझ्या गॅरेजवाल्यांचा हात इतर गाड्यांवर बसला असेल, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण त्यांनी गाडीखाली न जाता निदान केलंय एवढं नक्की. डॉक्टरने नाडी न बघता ऑपरेशनची तारीख दिली तर आपण उठून येतो, तसं तिथून उठून ये.

आता दुसरी गोष्ट. गाडीचं नाक वर आहे हे तू कशावरून ठरवलंस? लांबून बघून. मी पैज लावत नाही, पण तुझ्या पत्रातला ‘हळदीचं अडत दुकान’ हा शब्द वाचला आणि माझी नजर मागे गेली. तीस वर्षं मागच्या सीटवर आणि डिकीत हळदीची पोती वाहिलेल्या गाडीचे मागचे पाटे, म्हणजे एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग, कसे असतील? सपाट. कदाचित उलटी कमान झालेले. ही गाडी सगळी मिळून जेमतेम पाऊण टनाची, आणि तिच्या पाठीवर काय काय लादलं असेल ते आबाच सांगतील. मागची बाजू बसली की नाक आपोआप वर दिसतं. तक्त्यावर एका टोकाला जाड माणूस बसला की दुसरं टोक उचलतं, तेव्हा त्या टोकाचा काय दोष?

घरच्या घरी तपासायला अर्धा तास पुरे. अंगणात फरशी सपाट असेल तिथे गाडी उभी कर, चारी चाकांत सारखी हवा. चाकाच्या कमानीपासून मोजू नकोस, मायनरच्या पुढच्या आणि मागच्या कमानीची ठेवण मुळातच वेगळी आहे, फसशील. दाराखालची जी लांब पट्टी आहे तिच्या पुढच्या आणि मागच्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप लाव, दोन्ही बाजूंना. चार आकडे येतील, ते लिहून ठेव. मग डिकीखाली, जिथे पत्रा भक्कम आहे अशा जागी लाकडाची फळी ठेवून जॅक लाव आणि पट्टी सपाट होईपर्यंत मागची बाजू हळूहळू उचल. आता गल्ली ओलांडून समोरच्या ओट्यावर जा आणि बघ. नाक अजून वर दिसतंय का?

माझा अंदाज, नाही दिसणार. समोर उभी असेल ती एक नीट, सरळ, किंचित गोलसर मायनर, आबांच्या लग्नाच्या फोटोत असेल तशी.

तसं असेल तर पुढच्या बाजूला एक इंचही खाली करायचं कारण उरत नाही. मागचे पाटे उतरवायचे आणि पाटेवाल्याकडे न्यायचे. सांगली-मिरजेच्या बाजूला ट्रकचे पाटे बांधणारे आहेत, हात चांगला असतो, पण त्यांना रोज दहा टनाच्या गाड्या लागतात हे विसरायचं नाही. तो म्हणेल, ‘जीपचा एक जादा पाटा आत टाकतो, परत बसायची नाही.’ नको म्हण. जितके पाटे निघतील तितकेच परत जायला हवेत. जादा पाटा टाकलास की मागचा ॲक्सल रस्त्यावर उड्या मारायला लागतो आणि वाईपर्यंत ताईच्या पैठणीचं काही खरं नाही. दुसरं, तो भट्टीत लाल करून वाकवायला निघाला तर थांबव. पाट्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कस, उतरतं, पुन्हा नीट पाणी चढवलं नाही तर महिन्याभरात परत सपाट. थंडच ठेवून, घणाने एकेक पाटा सावकाश कमानीत आणणारा माणूस शोध. तडा गेलेला पाटा मात्र दुरुस्त करायचा नाही, बदलायचा. शॅकलचे रबर, सेंटर बोल्ट नवे. बसवल्यावर दोनशे किलोमीटर चालव आणि यु-बोल्ट पुन्हा आवळ, ते हमखास सैल झालेले असतात.

इथपर्यंत दिसण्याचं झालं. तुझ्या पत्रातलं जे खरं घाबरवणारं आहे ते नाकाबद्दल नाहीच. ते आहे थरथरणं, डावीकडे ओढणं आणि पूर.

गावभागात त्या वेळी काय झालं ते मी वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, कृष्णा ५७ च्या वर गेली होती. पाणी ओसरल्यावर तुम्ही इंजिन उघडलंत, वायरिंग बदललंत, गाद्या नव्या केल्यात, ते बरोबरच. पण पुढच्या चाकामागे ट्रनियन नावाचे दोन धातूचे तुकडे असतात, एक वर, एक खाली, ते कुणी उघडले का? पत्रात उल्लेख नाही. मायनरचं चाक ज्या उभ्या किंगपिनवर वळतं, तिच्या दोन्ही टोकांना आटे पाडलेले असतात. वरचं टोक वरच्या ट्रनियनमध्ये, खालचं खालच्यात, बाटलीच्या झाकणासारखं फिरवून बसवलेलं. स्टीअरिंग वळवलं की हे आटे एकमेकांत फिरतात. म्हणजे गाडीच्या पुढच्या कोपऱ्याचं सगळं वजन आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका या आट्यांवर. त्यांच्यामध्ये फक्त ग्रीसचा एक पातळ थर. त्या ग्रीसमध्ये कृष्णेचा गाळ गेला असेल, तर ते ग्रीस राहत नाही, घासकागदाची पेस्ट होते. त्यानंतर तू गाडी जितकी चालवलीस तितके आटे खाल्ले गेले.

मी हे ऐकीव सांगत नाही. १९९६ साली माझ्याही अंगात तुझ्यासारखंच वारं होतं. माझी मायनर मी टॉर्शन बारचे दोन दाते सरकवून खाली करून घेतली होती, चाकं रंगवली होती, साताऱ्यात चार लोक वळून बघायचे. ज्यांनी काम केलं त्यांनी ‘खालचं सगळं बघितलंय’ असं सांगितलं आणि मी ते मानलं. स्वतः ग्रीस गन हातात घ्यायला मला कमीपणा वाटला असावा. एका संध्याकाळी पोवई नाक्यावर, माणूस चालतो त्या वेगात, स्टीअरिंग पूर्ण कापून वळत होतो. खाडकन आवाज आला आणि डाव्या चाकाने मांडी घातली. अक्षरशः. किंगपिन खालच्या ट्रनियनमधून उपटून निघाली, चाक आडवं, मडगार्ड त्याच्यावर. मागे बायको होती. ती काही बोलली नाही, तेच वाईट. हात लावून पाहिलं तर खालच्या ट्रनियनच्या आतले आटे इतके गुळगुळीत झाले होते की बोट फिरलं तर नखाला काही लागेना. हीच गोष्ट दुपारी हायवेवर झाली असती तर आज हे सदर लिहायला मी नसतो. ही मोडतोड बऱ्याचदा अशीच हळू वेगात, पूर्ण वळणावर होते, हे त्यातलं नशीब.

म्हणून पहिला खर्च इथे. तपासायचं असं. गाडीचा सांगाडा घोडीवर, म्हणजे पक्क्या लोखंडी स्टँडवर घे, नुसत्या जॅकवर कधीच नाही. चाक वर आणि खाली धरून आतबाहेर हलव. ढिलाई लागली तर आत बसलेल्याला ब्रेक घट्ट दाबायला सांग आणि पुन्हा हलव. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर चाकाचं बेअरिंग ढिलं. तरीही हलत असेल तर किंगपिन-ट्रनियन. मग एकाने चाक हलवावं आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन आत बघावं, कुठला जोड श्वास घेतोय ते डोळ्यांना दिसतं. तुझ्या गाडीच्या बाबतीत मात्र ढिलाई लागो न लागो, चारही ट्रनियन उघडून धुऊन बघायचे, पूर आलेला आहे. आटे खाल्लेले असतील तर किंगपिन आणि ट्रनियन जोडीने नवे. इंग्लंडात मायनरचं हे सगळं सामान आजही नवं मिळतं, मागवता येतं. डावीकडचे आटे आणि उजवीकडचे आटे वेगळे असतात, तेव्हा सामान अदलाबदल करून ‘बसतंय ना’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठव. बसवताना पिन ट्रनियनमध्ये शेवटपर्यंत फिरवून, मग साधारण एक फेरा मागे घ्यायची. नाहीतर पूर्ण वळणावर स्टीअरिंग अडकतं.

आणि ग्रीस. दर दीड हजार किलोमीटरला, किंवा गाडी नुसती उभी असली तरी दोन महिन्यांनी. चाक उचललेलं असताना गन मारायची, कारण चाकावर वजन असलं की आटे एका बाजूला दाबलेले असतात आणि नेमकं तिथेच ग्रीस पोचत नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत मारत राहायचं. हे काम कुणालाही देऊ नकोस. तू कर, आबांना खुर्ची टाकून शेजारी बसव. त्यांना हे काम करता येत असणार, नाहीतर गाडी एवढी वर्षं टिकली नसती.

ब्रेक मारल्यावर डावीकडे ओढण्याची कारणं दोन असू शकतात. एक, ब्रेकचंच, म्हणजे चाकातला सिलिंडर पुरानंतर गंजून अडकला असेल. ते आधी बघ. दुसरं जास्त गमतीचं. खालच्या आर्मपासून पुढे, गाडीच्या नाकाकडे एक दांडी जाते आणि दोन जाड रबरांमध्ये पकडलेली असते. चाक मागे सरकू नये म्हणून ती. रबर कुजलं की ब्रेक मारताच ते चाक थोडं मागे सरकतं आणि गाडी त्या बाजूला ओढते. तुझ्या डावीकडच्या रबराची चपटी भाकरी झालेली असणार. तसेच आर्मच्या बुडाशी आयबोल्टमधले रबरी बुश. चार-सहा रबरांचा हा मामला, खर्च किरकोळ, पण गाडी बदलून जाते. एकच खबरदारी, जी शंभरातले नव्वद जण घेत नाहीत: बुशचे नट शेवटचे आवळायचे ते गाडी चारी चाकांवर उभी करून. चाक हवेत लोंबकळत असताना आवळलेस तर गाडी खाली ठेवताच रबराला कायमचा पीळ बसतो, आणि सहा महिन्यांत ते परत फाटतं. पॉलियुरेथेनचे कडक बुश मिळतात, ते घातले तरी चालतील, पण आपल्या रस्त्यांवर मला रबरच आवडतं. दात हलत नाहीत.

थरथर कमी झाली नाही तर टायर बॅलन्स करून घे, आणि हवा बघ. पंक्चरवाला सवयीने पस्तीस भरतो. मायनरच्या पुस्तकात पुढच्या चाकांना २२ पौंड लिहिलंय. रेडियल टायर असतील तर दोन-तीन पौंड जास्त ठेव, पण पस्तीसवर ही गाडी चेंडूसारखी उडते आणि माणूस सस्पेन्शनला शिव्या देतो.

शॉकअपबद्दल थोडं. मायनरचा पुढचा शॉकअप आपल्याला माहीत असलेल्या नळीसारखा नाही. तो एक लोखंडी डबा आहे, आत तेल, बाहेर एक दांडा. हा दांडाच चाकाचा वरचा आर्म. म्हणजे शॉकअप गेला म्हणून काढून फेकता येत नाही, चाकच कशाला धरलेलं राहणार नाही. डब्याच्या वर तेल भरायचा बोल्ट असतो, तो उघडायच्या आधी भोवतीचा चिखल कुंचल्याने आणि पेट्रोलने अगदी स्वच्छ कर, खडा आत गेला की झडप संपली. इंजिन ऑइल किंवा ब्रेक ऑइल भरू नकोस. मोटरसायकलच्या फोर्कचं २० ग्रेडचं तेल चालतं. भरूनही दांडा लोण्यातून फिरल्यासारखा हलत असेल तर डबा दुरुस्तीला दे. नळीचे टेलिस्कोपिक शॉकअप लावायचे संच बाहेरदेशी मिळतात. त्यातही जुना डबा जागेवरच राहतो, आर्म म्हणून, फक्त आवरण्याचं काम नळी करते. चांगले असतात, पण तुझ्या यादीत ते शेवटी. आणि बोल्टाने लागणारे, उद्या काढून ठेवले तर गाडी जशी होती तशी होणारेच घ्यायचे. भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही.

सांगून झालं असतं की इतकं करून थांब. पण मला माहीत आहे, तू थांबणार नाहीस. पाटे नीट झाले, रबरं झाली, पाचशे किलोमीटर चालवलीस आणि तरीही समोरच्या ओट्यावरून तुला नाक वर दिसत असेल, तर एक शक्यता उरते. पूर्वी कुणीतरी खराब रस्त्यांसाठी टॉर्शन बार एक दाता चढवून ठेवला असेल. आबांना विचार. तसं असेल तर एक दाता खाली आण. एकच. सळईच्या टोकाला उभे दाते असतात, मागे त्यात एक खुंटासारखा लिव्हर बसलेला असतो. तो एक दाता सरकवला की चाकाशी गाडी इंचाहून थोडी जास्त हलते. सळईचा पीळ तेवढाच राहतो, म्हणजे गाडी कडक होत नाही. स्प्रिंग कापल्यावर गाडी कडक होते ना, तसं इथे होत नाही. मऊपणा तोच, फक्त खाली जायला जागा कमी. त्यामुळे जास्त खाली केलीस तर प्रत्येक खड्ड्यात ठोकर बसते. शिवाय चाकं वरच्या टोकाला आत झुकतात, स्टीअरिंगच्या दांड्यांचा कोन बदलतो, आणि खड्ड्यात गाडी आपल्या मनाने किंचित वळते. रस्ता धरणं वाढत नाही, कमी होतं. माझ्या दोन दात्यांच्या मायनरने मला हे रोज शिकवलं.

जमिनीपासूनची उंचीही मोज. मायनरला मुळात पावणेसात इंच आहे. रस्ते बांधणीच्या मानकाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, असा रुंद की गाडी त्यावरून पोहत जावी. तू आष्ट्याकडे जाताना किती असे बघितलेस? आपल्याकडे गावोगावचे गतिरोधक हे रस्त्यावर आडवे झोपलेले नाग. दोन इंच खाली केलेली गाडी, आत चार माणसं आणि रुखवताची टोपली, ती त्यावरून सायलेन्सर घासत जाणार.

दाता हलवायचं काम स्वतः एकट्याने करू नकोस. ताणलेल्या सळईत माणूस जायबंदी करण्याइतकी ताकद असते. रीत अशी, की सांगाडा घोडीवर, खालच्या आर्मखाली जॅक, मग वरचा जोड सोडवायचा आणि जॅक थेंबाथेंबाने खाली सोडायचा. आर्म बराच खाली लोंबकळू लागला, सळई ढिली पडली, मगच मागच्या लिव्हरला हात. ताण असताना मागचा बोल्ट सोडणारा माणूस मी एकदा बघितलाय, त्याच्या पान्याने छतावरचा पत्रा फोडला. सोडवण्याआधी सळईवर आणि लिव्हरवर रंगाची एकेक रेघ मार, म्हणजे कुठून कुठे गेलो ते कळेल. डावी सळई डावीकडे, उजवी उजवीकडे, आयुष्यभर. वापरात त्यांना ज्या दिशेने पीळ पडलाय त्याची त्यांना सवय असते. आणि सळईवर पकड, कानस, गॅस काहीही लावायचं नाही. एक ओरखडा पुरे, तडा तिथूनच सुरू होतो.

पण त्याच्याही आधी तो क्रॉस मेंबर बघ, जिथे सळईचं मागचं टोक बांधलेलं आहे. हे वाक्य मी खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. मायनरला वेगळी चासी नाही, फरशी आणि हे आडवे तुकडे मिळूनच गाडी उभी आहे. क्रॉस मेंबरची दोन्ही टोकं पोकळ. पुराचा गाळ आत शिरला असणार आणि कुणी बाहेर काढला नसणार. बाहेरून काळा अंडरकोट चकचकीत दिसतो, आत पापड. मोठ्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. ठण ठण वाजलं तर बरं. भद्द वाजलं तर टोक लावून दाब. आत गेलं तर गाडी उभी कर, सस्पेन्शनची सगळी चर्चा थांबव, पत्र्याचं काम आधी. कुजलेल्या खांबाला हत्ती बांधल्यासारखं आहे ते.

शेवटी अलाइनमेंट. तुमच्याकडच्या संगणकी यंत्रात मायनरचं नाव नसेल, म्हणून तिथला पोरगा दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचे आकडे लावेल. लावू देऊ नकोस. पुढची चाकं नाकाकडे जराशी आत वळलेली ठेवतात, त्याला टो-इन म्हणतात. पुस्तकात ते ३/३२ इंच आहे, म्हणजे जेमतेम अडीच मिलिमीटर. एक जुना मेकॅनिक आणि दोन काठ्या, खडूची रेघ, अर्धा तास. होतं.

एक गोष्ट आठवली म्हणून सांगतो. ही गाडी बनवणारा ॲलेक इसिगोनिस, ज्याने पुढे १९५९ साली मिनी काढली, त्याला मायनर तयार होत आली तेव्हा ती अरुंद वाटली. त्याने नमुन्याची गाडी लांबीत मधोमध कापायला लावली, दोन अर्धी एकमेकांपासून दूर सरकवत नेली आणि डोळ्यांना बरी दिसली तिथे थांबला. चार इंच वाढली. बॉनेटच्या मधोमध जी सपाट पट्टी आहे ती त्या चार इंचांची खूण. आजच ओट्यावरून आलास की हात फिरवून बघ. तोही माणूस गाडीकडे लांबून बघत होता आणि त्यालाही काहीतरी खटकत होतं. पण त्याने ती खाली नाही केली.

कायद्याचं दोन ओळींत. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी आरसी बुकातली माहिती जुळेनाशी होईल असा बदल करता येत नाही. आणि २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए अक्षरांची वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे. त्यासाठी गाडी मूळ रूपात लागते. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. ती नोंदणी केली की गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती एवढ्यासाठीच. तुमची साधी नोंदणी वेळच्या वेळी वाढवलेली असेल तर लग्नापर्यंत ती तशीच राहू दे. व्हीएच्या पाटीवर वरात काढून ताईला पोलिसांसमोर उतरवायचं नको.

सांगली ते वाई दीडशेच्या वर किलोमीटर. पेठनाका, कऱ्हाड, सातारा, पाचवडवरून आत. खंबाटकी लागत नाही, पसरणीही चढायची नाही, वाई पायथ्यालाच आहे. साठावर चालव, दर तासाला थांब, चाकाच्या मधल्या टोपीवर हात ठेवून बघ, चटका बसला तर बेअरिंग. लग्नाच्या आधी पंधरा दिवस एकदा हाच रस्ता रिकाम्या गाडीने करून ये, आणि साताऱ्यात आलास की मला गाडी दाखव. मी खाली झोपून बघेन, पाठ अजून तेवढी आहे.

आणि आबांचं. ते ‘हात लावायचा नाही’ म्हणतात त्यात मला नुसता हट्ट दिसत नाही. पुरानंतर सहा वेगवेगळ्या माणसांनी त्या गाडीला हात लावलेला त्यांनी दारातून बघितलाय. तू त्यांना कापायचं म्हणून विचारलंस, ते नाही म्हणाले. ग्रीस मारायचं म्हणून विचार.

पट्टीचे चार आकडे मला पाठव. पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. आणि त्यांना हेही विचार की डिकीत पोती किती मावायची.